ऐकू न आलेलं वाक्य

वृषालीताई आरवाड्यांना कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा त्यांनी ते बरेच महिने कोणाला सांगितलं नाही. सांगलीत कौटुंबिक न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात त्या काम करत, आणि तिथे त्यांचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. "आरवाडे मॅडम ऐकून घेतात," असं वकील आपल्या अशिलांना सांगायचे. वेगळं व्हायला निघालेली जोडपी त्यांच्यासमोर बसायची, भांडायची, रडायची, जुनं उकरून काढायची, आणि मॅडम ऐकून घ्यायच्या. अशा बाईने ‘मला ऐकू येत नाही’ हे सांगायचं तरी कोणाला?

एकच माणूस जवळून, मोठ्याने बोलत असला की त्यांना कळायचं. पण पंखा घरघरत असला, व्हरांड्यात कोणी फोनवर बोलत असलं, किंवा नवरा-बायको एकदम बोलू लागले, की सगळ्याचा काला व्हायचा. साधं श्रवणयंत्र लावून पाहिलं. त्याने सगळंच मोठं झालं, पंख्यासकट.

शेवटी त्यांचे यजमान भूपाल आरवाडे त्यांना मिरजेला डॉ. निलोफर मुजावर यांच्याकडे घेऊन गेले. भूपाल पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. कुठल्याही बिघाडावर उपाय असतोच, असं मानणारा माणूस.

डॉक्टरांनी टेबलावर एक चपटं, कानामागे बसणारं यंत्र ठेवलं. त्याचं नाव ‘अवधान’.

"गर्दीत आपण एकाच माणसाचं बोलणं ऐकतो ना," डॉक्टर म्हणाल्या, "तेव्हा निवड कान करत नाही. कानात सगळंच जातं. निवड मेंदू करतो. बोलण्याचा आवाज सारखा चढत-उतरत असतो, शब्दाला चढतो, विरामाला पडतो. आपण ज्याच्याकडे लक्ष देतो, त्याच्या आवाजाच्या चढउतारांबरोबर मेंदूतल्या विजेच्या लहरीही ताल धरतात. शेजारी दुसरा कोणी बोलत असला तर त्याच्याबरोबर तितका धरत नाहीत. या यंत्राला कातडीवरून त्या लहरी कळतात. समोरचे आवाज ते वेगवेगळे करतं, तुमच्या लहरी कोणाच्या तालावर आहेत ते पाहतं, आणि तोच आवाज मोठा करतं."

"म्हणजे मी ज्याचं ऐकेन तो मोठा?"

"बटणसुद्धा दाबावं लागत नाही."

"आणि ज्याचं ऐकणार नाही, तो?"

"तो बारीक होतो. त्यासाठीच तर घ्यायचं."

पुढचे काही आठवडे वृषालीताईंना जग परत मिळाल्यासारखं झालं. जयसिंगपूरच्या एका लग्नात, बँड वाजत असताना, पंगतीत समोर बसलेल्या नणंदेची कुजबुज त्यांना शब्दन् शब्द ऐकू आली. भाजी मंडईत भाव ऐकू आले. त्या काळात हे यंत्र चांगले कान असलेली माणसंही घेऊ लागली होती. पुण्यातल्या कचेऱ्यांत, कॉलेजांच्या कँटीनमध्ये तरुण पोरं ते लावून बसायची. हवं त्याचंच ऐकू येणं ही चैन कोणाला नको असते?

पहिली ठेच त्यांना स्वयंपाकघरात लागली. भूपाल सकाळी चहा घेताना धरणांचे आकडे वाचून दाखवत. निवृत्तीनंतरही त्यांची ती सवय सुटली नव्हती. कोयनेतून किती पाणी सोडलं, आयर्विन पुलाशी पातळी किती, अलमट्टी धरणात साठा किती. त्या दिवशीही ते वाचत होते आणि वृषालीताई टेबलाशी पेपर चाळत होत्या. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी मान वर केली. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं आणि भूपाल गॅस बंद करत होते.

"अहो, सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं! दूध, दूध म्हणून ओरडलो."

भूपालांच्या आधी लक्षात आलं, आणि ते खो खो हसत सुटले. "म्हणजे मी कोयनेपासूनच बंद झालो होतो तर! इतकी वर्षं मला वाटायचं, तू ऐकतेस पण उत्तर देत नाहीस."

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" म्हणत वृषालीताईंनी फडकं उचललं. शेगडी पुसताना त्यांना लाज वाटत होती. पण दूधच तर होतं. त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला.

त्याच सुमारास त्यांच्याकडे कुरणे पती-पत्नींचं प्रकरण आलं.

मंदार कुरणे सांगलीतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. केतकी कार्यक्रमांचं निवेदन करायची. तिचा आवाज कोणीही थांबून ऐकावं असा होता. वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते सात वर्षांच्या रेवावरून. केतकीला पुण्याच्या एका वाहिनीत नोकरी मिळाली होती आणि जूनपासून ती रेवाला घेऊन तिकडे जाणार होती. मंदारची हरकत होती.

अलीकडे नियम बदलला होता. समेट झाला नाही, तर मध्यस्थाने आपलं मत न्यायालयाला लिहून द्यायचं, आणि न्यायाधीश ते सहसा मानत. त्यामुळे खोलीत बसणाऱ्या दोघांचंही लक्ष आता एकमेकांपेक्षा मॅडमकडे जास्त असे.

पहिल्या बैठकीत केतकी बोलली. रेवाला सकाळी कसं उठवावं लागतं, ती अंधाराला कशी घाबरते, पुण्यातली शाळा, तिथे राहणारी मावशी. तिचं बोलणं पाण्यासारखं वाहत होतं. मग मंदारची पाळी आली.

"आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो," त्याने सुरुवात केली. "स्थलांतर झालेल्या मुलांबाबत जे अभ्यास झालेत, त्यांत तीन प्रकारचे घटक धरले जातात. त्यातला पहिला जो आहे, तो आपल्या बाबतीत लागू पडतो का हे पाहण्याआधी..."

वृषालीताईंनी मान डोलावली. सभ्यपणे, नेहमीसारखी. मंदार बोलत होता आणि त्यांना वाटत होतं की आपण ऐकतोय. बैठक संपली तेव्हा त्यांचं मत जवळजवळ ठरलं होतं. आईला मुलीचा दिवस माहीत आहे, बापाला आकडे. मुलगी द्यायची नाही, इतकंच त्याचं म्हणणं आहे.

दुसऱ्या बैठकीतही तेच झालं. केतकीचा प्रत्येक शब्द ठसठशीत. मंदार सुरू झाला तेव्हा आधी नीट, मग जरा लांबून, मग शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. वृषालीताईंची नजर त्याच्या चेहऱ्यावरच होती. केतकीने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला त्याचा आवाज मात्र त्यांना खणखणीत आला. मग केतकी एकदम मंदारकडे वळली.

"काय? काय म्हणालास तू?"

"तेच, जे पहिल्या दिवसापासून म्हणतोय," मंदार म्हणाला. केतकीच्या प्रश्नाने वृषालीताईंचं लक्ष परत आलं होतं, म्हणून हे वाक्य त्यांना ऐकू आलं. त्याच्या आधीचं आलं नव्हतं.

केतकीचा चेहरा उतरला होता. काहीतरी महत्त्वाचं बोललं गेलं होतं, आणि ते ऐकण्यासाठी ज्यांना तिथे बसवलं होतं त्यांनाच ते माहीत नव्हतं. मान डोलावून पुढे जाणं सोपं होतं. केतकी उत्तर देईल, त्यावरून अंदाज येईल. पण वृषालीताई म्हणाल्या, "मंदार, तुम्ही आत्ता जे बोललात ते मला ऐकू आलं नाही."

"मॅडम, मी अगदी तुमच्यासमोर बसलोय."

वृषालीताईंनी कानामागून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. ते काय करतं ते त्याला सांगायची गरज नव्हती. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं ते लावून बसत असणार. मंदारने यंत्राकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे या यंत्राने ठरवलं, की माझं बोलणं ऐकण्यासारखं नाही?"

"यंत्राने नाही," वृषालीताई म्हणाल्या. "मी."

तो उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज त्यांना आला नाही, फक्त दिसलं. "मला दुसरा मध्यस्थ हवाय," असं काहीसं तो म्हणाला आणि निघून गेला.

केतकी बसूनच होती. वृषालीताईंनी यंत्र परत लावलं. "तो काय म्हणाला होता?"

केतकीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "खरं सांगू मॅडम? मलाही पूर्ण कळलं नाही. पुण्याचं काहीतरी होतं. तो बोलायला लागला की मी..." ती थांबली. "माझ्याकडे तर यंत्रही नाही."

संध्याकाळी वृषालीताई एकट्याच मिरजेला गेल्या. डॉ. मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं, दुधाचीही हकिगत ऐकली, आणि त्या हसल्या नाहीत.

"लक्ष एका जागी ठरत नाही, मॅडम. कोणाचंच नाही. ते सारखं सुटतं आणि परत येतं. परत का येतं? तर ज्याच्याकडे आपलं लक्ष नाही, त्याचाही आवाज आत येत असतो म्हणून. त्यातला एखादा शब्द, आपलं नाव, ‘दूध’, ‘साप’, आपल्याला दंडाला धरून परत आणतो. हे यंत्र तो आवाजच बारीक करतं. लक्ष जरासं सुटलं की आवाज जरासा उतरतो, आवाज उतरला म्हणून लक्ष आणखी सुटतं. परत आणणारा शब्द तुमच्यापर्यंत पोचतच नाही."

"म्हणजे मला क्षणभर कंटाळा आला, आणि त्याचा निकाल झाला."

"तसंच म्हणा."

"पण मला तर वाटत होतं, मी त्याचं ऐकलंय. मुलगी द्यायची नाही असं तो म्हणतोय, हे मी शपथेवर सांगितलं असतं."

"ऐकू न आलेल्या शब्दांच्या जागी मेंदूला भोक दिसत नाही. तो आपल्या अंदाजाने ती जागा भरून टाकतो आणि पुढे जातो. तो अंदाज आणि खरंच ऐकलेलं, यातला फरक आतून कळत नाही."

वृषालीताईंनी कानामागच्या यंत्राला बोट लावलं. मग त्यांनी विचारलं, "कोणाचाच आवाज ठरावीक पातळीच्या खाली जाऊ नये, असं करता येईल?"

"येईल. पण मग गोंगाटही परत येईल. दिवस संपेपर्यंत डोकं दुखेल तुमचं."

"दुखू दे," त्या म्हणाल्या.

मंदारला राजी करायला तीन फोन लागले. पहिल्या दोनदा त्याने उचललाच नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "एका अटीवर. तुम्ही ते यंत्र लावायचं नाही."

"पातळी बदलून घेतली आहे मी."

"ते मला तपासता येणार नाही. लावायचं नाही."

वृषालीताईंनी कबूल केलं. फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांना जाणवलं. यंत्राशिवाय, दोन माणसांच्या मध्ये, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न. पण त्याचं म्हणणं रास्त होतं.

बैठकीच्या दिवशी त्यांनी पंखा बंद केला, दार लावून घेतलं, खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ ओढल्या. "एका वेळी एकानेच बोलायचं," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. आणि वाक्यं लहान करा, लांब वाक्याचं शेवटचं टोक माझ्यापर्यंत येत नाही. मंदार, आज आधी तुम्ही."

मंदारने घसा साफ केला. "या प्रश्नाची एक पार्श्वभूमी..."

"काय?"

"पार्श्वभूमी!"

"ती राहू दे. तुमचं शेवटचं वाक्य काय आहे, ते आधी सांगा."

मंदार गोंधळला. आयुष्यभर तो शेवटच्या वाक्याकडे पायऱ्या चढत गेला होता. थेट गच्चीवर उभं राहायची त्याला सवय नव्हती. त्याने काहीतरी पुटपुटलं.

वृषालीताईंनी कानाशी हात धरला. "मोठ्याने!"

"मी पुण्याला येतो!" मंदार ओरडला.

व्हरांड्यातून कोणीतरी दार ढकलून आत डोकावलं आणि परत गेलं. घाम आलेल्या चेहऱ्याने मंदार पुढे ओरडतच राहिला, कारण आता थांबणं त्याला जमेना. "रेवाला नेऊ नको असं मी म्हणत नाही! तिने मला सोडून जाऊ नये, असं म्हणतोय! पुण्याच्या एका कॉलेजात जागा आहे! पगार कमी आहे! मी अर्ज केलाय!"

केतकी त्याच्याकडे वळली. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. पहिल्या बैठकीत. दुसऱ्या बैठकीत. त्याच्या आधी घरीसुद्धा."

"कधी?"

"तिसरा घटक सांगताना."

केतकीच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच श्वासात तिचे डोळे भरले. वृषालीताईंना ते हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांनी तिला वेळ दिला.

केतकी सावरली ती सावध होऊन. "मंदार, तू पुण्याला येऊन आपण परत..."

"नाही," तो म्हणाला. मग वृषालीताईंकडे वळून मोठ्याने, "नाही! संसार नको. शेजारी घरही नको. रेवाच्या शाळेपासून चालत जाता येईल, इतकं जवळ पुरे. आठवड्यातले काही दिवस माझे."

"त्या दिवसांत तिचा अभ्यास तू घेशील?"

"गणित घेईन. बाकीचं तूच बघ."

त्यापुढचं बोलणं सोपं नव्हतं. कोणते दिवस, सुट्टी कोणाकडे, आजारी पडली तर कोणी रजा घ्यायची, केतकीचे कार्यक्रम रात्री असतील तेव्हा काय. दोनदा दोघं भांडले. पण प्रत्येक वाक्य मॅडमना ऐकू जाईल असं बोलावं लागत असल्यामुळे टोमणे मारता येईनात. ओरडून मारलेला टोमणा फार हास्यास्पद वाटतो, हे दोघांच्याही लवकरच लक्षात आलं. दुपार टळली तेव्हा वृषालीताईंचा घसा बसला होता, डोकं ठणकत होतं, आणि त्यांच्या मनात ठरलेल्या मतातलं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. न्यायालयाला वेगळं मत लिहून द्यायची गरजच उरली नाही.

पातळी बदललेलं यंत्र त्यांनी पुढे कायम ठेवलं. केंद्रातल्या इतर मध्यस्थांपैकी दोघं तेच यंत्र वापरत होते. वृषालीताईंनी त्यांना स्वतःची गोष्ट सगळी सांगितली, आणि मग प्रमुखांना भेटून मागणी केली की बैठकीत हे यंत्र लावायचं असेल तर सगळे आवाज खुले ठेवूनच लावावं. प्रमुखांनी आधी टाळाटाळ केली, पण शेवटी तसं परिपत्रक निघालं. एका सहकाऱ्याने ते वाचून सरळ यंत्र वापरणंच सोडलं. त्याचे कान चांगले होते.

घरी मात्र वेगळंच काही घडलं. आता भूपालांचे धरणांचे आकडे पूर्ण ऐकू येऊ लागले आणि दोन दिवसांत वृषालीताईंचा जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्या दिवशी त्या स्पष्ट म्हणाल्या, "अहो, आज मला पाणी नको. दुसरं काहीतरी बोला."

भूपाल दुखावले नाहीत. विचारात पडले. मग चष्मा काढून म्हणाले, "मला पोहायला येत नाही, हे मी तुला कधी सांगितलंय का?"

"तुम्हाला? आयुष्य धरणावर काढलंत की!"

"म्हणूनच कोणाला सांगितलं नाही." आणि ते सांगू लागले. कालव्यावर पाहणीला गेल्यावर ते कसे काठापासून दोन हात लांब राहायचे, साहेबांबरोबर होडीत बसावं लागलं तेव्हा त्यांनी काय सबब काढली होती, ती सबब कशी अंगाशी आली. वृषालीताई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. चहा थंड झाला. आकडे त्या दिवशी वाचायचे राहूनच गेले.

मे महिन्याच्या शेवटी कुरणे कुटुंब सह्या करायला आलं. मंदारला पुण्याची नोकरी मिळाली होती. या वेळी रेवाही बरोबर होती. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिने वृषालीताईंच्या कानामागचं यंत्र निरखून पाहिलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"कमी येतं."

"मग मी मोठ्याने सांगते," रेवा म्हणाली, आणि शाळेच्या सहलीत काय झालं ते सांगू लागली. बस बंद पडली होती. आणि मग श्रेयाने डबा उघडला. आणि मग एक माकड आलं. नाही, माकड नंतर आलं, आधी बाई खाली उतरल्या. आणि मग...

शिपाई कागद घेऊन दारात येऊन उभा राहिला. बाहेर दोन वकील तावातावाने बोलत होते, पंखा घरघरत होता, आणि ते सगळं वृषालीताईंच्या कानात येत होतं. त्यांनी शिपायाला हाताने थांबायची खूण केली. केतकीने पर्स मांडीवर ठेवली. मंदार पुढे झुकून बसला होता. त्याने एकदा विचारलं, "पण माकड आलं कुठून?" त्यामुळे रेवाला पुन्हा बस बंद पडण्यापर्यंत मागे जावं लागलं.

गोष्ट संपायला बराच वेळ लागला. घाई कोणीच केली नाही.